मी आणि मी एकच असल्याबाबत

मुलीचा फोन आला तेव्हा मी कपाटातली जुनी बिलं फाडत होते. बँकेत बत्तीस वर्षं लोकांचे कागद सांभाळल्यावर स्वतःचे फाडण्यात एक वेगळंच सुख असतं.

"आई, वाट लागलीये," ती म्हणाली.

ती सहा वर्षं युरोपात आहे. देशाचं नाव सांगत नाही. तिथल्या अधिकाऱ्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. त्यांची चूक असलीच तर एवढीच, की ते कागद वाचतात. मुलीच्या कंपनीने तिचा अख्खा विभाग बंद केला होता. नोकरी गेली की दोन महिन्यांनी तिथे राहायचा परवाना संपतो. तिथल्याच एका मुलाबरोबर ती तीन वर्षं राहत होती आणि दिवाळीनंतर दोघं लग्न करणार होती. ते आता अलीकडे आणायचं ठरलं. नोंदणी कार्यालयाने तारीख दिली, पण तिचा जन्माचा दाखला अपॉस्टिलसकट बत्तीस दिवसांत त्यांच्या टेबलावर हवा होता. नाही पोचला तर पुढची तारीख चार महिन्यांनी. तोवर तिथे राहायची तिला परवानगी नव्हती.

"म्हणजे कागद आला नाही तर तू परत येणार?" मी विचारलं.

"मी येणार नाही गं. ते पाठवतील."

अपॉस्टिल म्हणजे आपला कागद परदेशात खरा मानावा म्हणून आपल्या सरकारने त्यावर दिलेली ग्वाही. आधी राज्य सरकार म्हणतं की हा कागद आमचाच, मग दिल्लीचं परराष्ट्र खातं म्हणतं की हे राज्य सरकारही आमचंच. जन्म झाला होता की नाही हा प्रश्न यात कुठेच येत नाही.

घरातला दाखला हाताने लिहिलेला आणि घडीवर विरलेला होता. नवा संगणकीय दाखला काढायला हवा होता. मुलीचा जन्म घाटकोपरचा, आम्ही तेव्हा तिथे राहत होतो. म्हणून घाटकोपरच्या वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला. पाचव्या दिवशी दाखला हातात आला. मी तो तिथेच उभी राहून वाचला. मुलीचं नाव बरोबर, वडिलांचं बरोबर, आईचं बरोबर. समाधानाने प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि दुसऱ्या दिवशी अंधेरीच्या एजंटकडे गेले.

एजंटच्या खोलीत टेबलावर बारा देशांचे छोटे झेंडे होते, एक फिरता पृथ्वीगोल होता, आणि भिंतीवर त्याचे कुठल्या कुठल्या पुढाऱ्यांबरोबरचे फोटो. सगळ्या फोटोंत पुढारी दुसरीकडे बघत होते. माझ्या आधीचा माणूस लॅमिनेट केलेली डिग्री घेऊन आला होता. लॅमिनेशनवर शिक्का बसत नाही, हे ऐकून तो ती डिग्री उन्हात धरल्यासारखी बघत बसला होता. मला त्याची दया आली, आणि खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं. माझा कागद उघडा होता.

एजंटने दाखला घेतला, सोबत मुलीच्या पासपोर्टची प्रत मागितली आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग चष्मा कपाळावर नेला.

"मॅडम, ह्या मुलीची आई कोण?"

"मी."

"मग ही कोण?" त्याने दाखल्यावर बोट ठेवलं.

"तीही मीच."

हे समजावून सांगायला मला थोडं मागे जावं लागलं, तसं इथेही जायला हवं. लग्नात बायकोचं नुसतं आडनाव नाही, नावही बदलायची आपल्याकडे पद्धत आहे. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने त्यात अंगठीने नवं नाव लिहायचं, आणि मग सगळ्यांनी पेढे खायचे. माझ्या बाबतीत बदलायला कारणही होतं. माझं नाव आणि सासूबाईंचं नाव एकच होतं. घाटकोपरच्या दोन खोल्यांत एका नावाच्या दोन बायका. एकीला हाक मारली की दोघी वळणार, आणि सासऱ्यांना स्वतःच्या बायकोच्या नावाने सुनेला हाक मारावी लागणार. लग्नाच्या दोन दिवस आधी मला निरोप आला की नवं नाव ठरलंय. मी तेव्हा बऱ्याच गोष्टींच्या विरोधात होते, वाचलंही भरपूर होतं, पण तांदळाच्या ताटासमोर काही बोलले नाही.

बँकेत मात्र मी आडनाव बदललं, नाव तेच ठेवलं. बँक मला माहेरच्या नावाने ओळखत राहिली, घर सासरच्या. पुढे माझा पासपोर्ट बँकेच्या कागदांवर निघाला, आधारकार्ड पासपोर्टवर निघालं आणि मुलीच्या शाळेचा फॉर्मही मीच भरला, त्यामुळे तिच्या पासपोर्टवर आई म्हणून माझं माहेरचं नाव लागलं. पण ती जन्मली तेव्हा मी प्रसूतिगृहातल्या खाटेवर होते. तो फॉर्म सासऱ्यांनी भरला होता. ते गिरणीत फिटर होते आणि अक्षर मोत्यासारखं होतं. त्या मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी माझं सासरचं नाव लिहिलं.

मी दाखला वाचला होता, तरी मला काही खटकलं नव्हतं. माझंच नाव होतं, खटकणार कसं?

एजंट म्हणाला की असा कागद राज्याच्या टेबलावरूनच परत येईल, आणि चुकून पुढे गेला तर तिथले लोक परत पाठवतील. त्याने दिवस मोजले. राज्य आणि दिल्ली मिळून दहा दिवस, कुरिअर पाच दिवस. सव्वीस दिवस उरले होते. "अकरा दिवसांत नाव दुरुस्त करून आणा, मग बाकीचं काम झकास करतो," असं म्हणून त्याने पृथ्वीगोलाला एक टिचकी मारली.

वॉर्ड ऑफिसात दाखल्यांचं काम बघणाऱ्या अधिकारी बाई चाळिशीच्या, शांत आणि नीट बोलणाऱ्या होत्या. मला उद्धट माणूस हवा होता. निदान रागावता आलं असतं. त्यांनी सांगितलं की जन्मनोंदीत आईचं नाव दुरुस्त होतं, त्यात काही नवल नाही, अशा बायका रोज येतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र आणि त्याला पुरावा आणा.

प्रतिज्ञापत्र कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे तयार मिळालं. फक्त रिकाम्या जागा भरायच्या होत्या. 'वरील दोन्ही नावांची मी एकच व्यक्ती आहे' या वाक्याखाली मी सही केली, आणि नोटरीने माझ्याकडे न बघता ते खरं असल्याचा शिक्का मारला.

पुराव्याची गोष्ट वेगळी होती. दोन्ही नावं एकत्र असलेला एकही कागद माझ्याकडे नव्हता. लग्नाची नोंदणी आम्ही केलीच नव्हती. त्या काळी हॉलची पावती पुरेशी वाटायची. सासरच्या नावाचं जुनं मतदार ओळखपत्र सापडलं, पण त्यातला फोटो असा होता, की ती मीच आहे हे मलाही शपथेवर सांगता आलं नसतं. शेवटी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत घाटकोपरचं जुनं रेशनकार्ड मिळालं. त्यावर मुलाची बायको म्हणून माझं सासरचं नाव स्पष्ट होतं. मी ते घेऊन धावत गेले.

अधिकारी बाईंनी रेशनकार्ड वाचलं. मग परत वाचलं. त्यांचा चेहरा बदललेला मला दिसला.

"यात तुमच्या माहेरच्या नावाची एक बाई आहे," त्या म्हणाल्या.

ती सासूबाईंची ओळ होती. तेच नाव, तेच आडनाव. मुलीच्या पासपोर्टवर आईच्या रकान्यात नुसतं नाव आणि आडनाव होतं, मधलं नाव नव्हतं. म्हणजे कागदावरून बघितलं तर या घरात त्या नावाची एकच बाई होती, ती माझी सासू; आणि माझ्या मुलीच्या पासपोर्टवर आई म्हणून तिचं नाव होतं. मी स्वतःच पुरावा म्हणून नेलेल्या कार्डाने माझी मुलगी तिच्या आजीला दिली होती.

बाई मला खोटं ठरवत नव्हत्या. त्यांनी मला पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही तुम्हीच आहात हे मला दिसतंय. पण कागदावर तुम्ही दोघी आहात, आणि त्यातली एक तुमची सासू आहे." घरातल्या कुणा मोठ्या माणसाने समोर येऊन जबाब दिला तर त्या शेरा मारून दुरुस्ती करू शकत होत्या. नवऱ्याला घेऊन या, असं त्या म्हणाल्या. नवऱ्याला जाऊन आठ वर्षं झालीत. सासरे त्याआधीच गेले. मी हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "आणि ह्या?" त्यांचं बोट रेशनकार्डावरच्या त्या ओळीवर होतं.

सासूबाई आहेत, बोरिवलीला धाकट्या दिराकडे असतात, असं मी सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. नातीचं लग्न परक्या देशातल्या मुलाशी ठरलंय हे कळल्यापासून सासूबाईंनी तिचा फोन घेणं बंद केलं होतं. मलाही त्यांचा निरोप आला होता, की मी मेले असं समजा. तेवढं समजणं मला जमलं नव्हतं, पण चार महिने मी बोरिवलीला फिरकले नव्हते.

अकरातले चार दिवस गेले होते. पाचव्या दिवशी सकाळी बोरिवलीला गेले.

सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून भिजवलेले वाल सोलत होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. गुडघे गेलेत, बोटं अजून शाबूत आहेत. मला बघून त्या म्हणाल्या, "बस गो," आणि ताट माझ्याकडे थोडं सरकवलं. मी बसले आणि वाल सोलायला लागले. जावेने चहा आणून ठेवला आणि शहाणपणाने बाहेर गेली.

मी सगळं सांगितलं. दाखला, पासपोर्ट, रेशनकार्ड, तारीख, त्यांनी ऑफिसात येऊन द्यायचा जबाब. सांगताना मी बँकेतल्यासारखी बोलत होते. मला दुसरं जमलं नसतं. त्यांनी एकदाही मान वर केली नाही. सोललेल्या वालाचा ढीग त्यांच्या बाजूने वाढत होता, माझ्या बाजूने नाही.

"आणि मी नाय इलंय तर?" त्यांनी विचारलं.

"तर तारीख जाईल. तिला तो देश सोडावा लागेल."

"म्हणजे घराक येतली."

"हो."

"मग येवंदे."

त्यांच्या बाजूने विचार केला तर बिनतोड होतं. त्यांना काहीही करायचं नव्हतं, फक्त जागेवर बसून राहायचं होतं, आणि नात परत येणार होती. वादात मी सहसा हरत नाही, पण इथे वाद नव्हताच. मी म्हटलं, "आई, तिला परत आणायचं असेल तर तुम्ही फोन करा आणि ये म्हणून सांगा. ती आली तर आली. माझ्या दोन नावांमुळे तिला परत यायला लागू नये. ती नावं तिने ठेवलेली नाहीत."

त्यांनी वालाचं ताट माझ्याकडे सरकवलं. मी उरलेले वाल सोलले, चहाचा कप धुऊन ठेवला आणि निघाले. दारात चप्पल घालताना दीर म्हणाला की आईच्या मनात काय आहे ते सांगता येत नाही. पन्नास वर्षं त्याला ते सांगता आलेलं नाही.

दुसरा दिवस असाच गेला. मुलीचा रात्रीचा फोन आला तेव्हा मी काम चालू आहे असं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू 'काम चालू आहे' म्हणतेस तेव्हा बँकेत सर्व्हर बंद असायचा." मी विषय बदलला.

सातव्या दिवशी सकाळी आठ वाजता दिराचा फोन. आई साडी नेसून बसलीये, किती वाजता न्यायला येतेस, असं विचारतेय. का, कशासाठी, कबूल आहे की नाही, यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. मीही विचारलं नाही.

मी टॅक्सी करून बोरिवलीला गेले आणि तिथून दोघी घाटकोपरला निघालो. अधिकारी बाई जबाब एक वाजेपर्यंतच घेत. पवईच्या अलीकडे मेट्रोच्या कामापाशी गाडी उभी राहिली ती राहिलीच. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मांडीवर त्यांची काळी पर्स होती, तिच्यावर दोन्ही हात. त्या तिथे जाऊन काय बोलणार आहेत, हे विचारायला माझी जीभ उचलेना. कदाचित त्या समोर बसून म्हणतील की मला काही आठवत नाही. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते कुणीही मान्य केलं असतं. तसं झालं तर पुन्हा अर्ज करायला दिवस उरले नव्हते.

ऑफिसात पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. दाखल्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टवर पाटी लटकत होती. तुम्ही खालीच थांबा, मी वर विचारून येते, असं मी म्हणाले. सासूबाईंनी कठडा धरला. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. पहिल्या मजल्यावर त्या बाकावर बसल्या आणि त्यांच्या छातीचा भाता मला दिसत होता. एकला दहा मिनिटं कमी होती. त्या क्षणी मला त्यांच्या जिवाची जास्त काळजी होती की घड्याळाची, ते मी अजून स्वतःला नीट विचारलेलं नाही.

अधिकारी बाईंनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं आणि दोन मिनिटं काही विचारलं नाही. मग माझ्याकडे बोट केलं.

"आजी, ह्या कोण?"

"माझी सून."

"यांचं नाव काय?"

सासूबाईंनी सासरचं नाव सांगितलं. मोठ्या मुलाची बायको, एवढंही जोडलं.

"आणि लग्नाच्या आधीचं?"

पंखा फिरत होता आणि टेबलावरचा माझा अर्ज पेपरवेटखाली फडफडत होता. मला वाटलं, आता त्या म्हणणार, आठवत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं रागाचं नव्हतं, मायेचंही नव्हतं. दुकानात कापडाचा पोत बघतात तसं होतं.

"माझाच," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"माझाच नाव होता तिचा. घरात एका नावाच्या दोघी कशी चालतली? म्हणान बदलला. तिका कोणी इचारूक नाय."

बाईंनी ते शब्दांची इस्त्री करून लिहून घेतलं. मग विचारलं की दाखल्यावरची मुलगी यांचीच ना.

"हिचीच. बाळंतपण मी केलंय." सासूबाई थोड्या पुढे वाकल्या. "आणि ती पोर आता गोऱ्यावांगडा लगीन करता. ता माका पसंत नाय. ता पण लिवा."

"आजी," बाई म्हणाल्या, "त्याला रकाना नाही."

सासूबाईंनी त्या उत्तरावर विचार केला आणि पेन मागितलं. सही करायला त्यांना बराच वेळ लागला. प्रत्येक अक्षर वेगळं, मध्ये हात उचलून. माझं माहेरचं नाव त्या अक्षरांत मी कधी बघितलं नव्हतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी नवा दाखला मिळाला. आईच्या नावाच्या रकान्यात आता माझी दोन्ही नावं होती, मध्ये 'ऊर्फ'. हा शब्द तोवर मी फक्त गुन्हेगारीच्या बातम्यांत वाचला होता. एजंटने कागद उजेडात धरला, झेंडे बाजूला सारले आणि दहा दिवसांचं काम नऊ दिवसांत केलं. ज्याच्यासाठी हे सगळं, ते अपॉस्टिल म्हणजे दाखल्याच्या मागे चिकटवलेला एक चौकोनी स्टिकर निघाला. कुरिअर कंपनीच्या पानावर पाकीट एका विमानतळावर तीन दिवस पडून असल्याचं दिसत होतं. ते पान मी दिवसातून किती वेळा उघडलं, ते सांगण्यासारखं नाही. मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी मुलीचा एका ओळीचा निरोप आला. त्यांनी कागद घेतला. तारीख पक्की.

संध्याकाळी मी बोरिवलीला फोन केला. दिराने तो आईकडे दिला. मी सांगितलं की कागद पोचला, लग्न ठरलेल्या दिवशी होईल.

"बरा," त्या म्हणाल्या. मला वाटलं फोन ठेवला. मग आवाज आला. "थंय लग्नात नाव बदलतत?"

"बदलावंच असं नाही. फॉर्मवर विचारतात, बदलायचं का म्हणून."

"इचारतत?"

"हो."

पलीकडे टीव्ही चालू होता, कुणीतरी तो बारीक केला.

"मग तिका सांग," सासूबाई म्हणाल्या, "नाय म्हण."